एक्स्चेंजच्या अलीकडे

टेलिफोनच्या ऑफिसात त्यांना सगळे निवांतराव म्हणत. बाकीचे लाइनमन दिवसाला पाच घरं उरकत, हे दोनच करत. पण त्या दोन घरांतून पुन्हा तक्रार येत नसे. त्यामुळे अडलेली कामं हमखास त्यांच्याच गळ्यात पडत. त्या सकाळी साहेबांनी कागद पुढे सरकवला. "दोघं जाऊन हात हलवत परत आलेत. आता तुम्हीच बघा."

घर दुमजली होतं. गळ्यात टेप अडकवलेल्या सूनबाईंनी दार उघडलं आणि उंबऱ्यातच बजावलं, "दादा, मला शिवणाचे वर्ग घरबसल्या घ्यायचेत, म्हणून ब्रॉडबँड हवंय. पण तो डबा काढा म्हणणार असाल, तर इथूनच परत फिरा."

डबा म्हणजे जिन्याखालच्या कपाटातलं खासगी एक्स्चेंज. बाहेरून फोनची एकच लाइन त्यात शिरायची आणि तिथून घरातल्या पाच फोनना फुटायची. एकवीस फिरवलं की वरची खोली, तेवीस फिरवलं की शिवणाची. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर ते स्वतःच्या हातानं बसवलेलं. आता वर्षभर ते वरच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. पाणी हवं झालं, पाठ दुखली, की तेवीस. कधी काहीच नको असलं, तरीही तेवीस.

"आधीच्यांनी मोडेम कुठं लावला होता?"

"माझ्या खोलीतल्या फोनला. दिवा नुसता लुकलुकत राहिला."

"राहणारच. इंटरनेट या डब्यातून पलीकडे जात नाही. बाहेरची लाइन डब्यात शिरायच्या अलीकडेच पकडायची आणि तिला फाटा काढायचा. एक टोक मोडेमला, दुसरं डब्याला. डब्याला पत्ताही लागणार नाही."

सूनबाई पहिल्यांदा हसल्या. "मग त्यांनी का नाही केलं?"

"घाईत असतील."

कपाटात सहा तारा होत्या, सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या. पट्ट्यांवरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. "बाबांना विचारू का? त्यांना तोंडपाठ आहे," सूनबाई म्हणाल्या.

"कशाला त्यांना त्रास? मी शोधतो."

सूनबाई शिवलेले कपडे पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेल्या. निवांतरावांनी डावीकडून दुसरी तार सोडवून तपासाचा फोन लावला. आवाज नाही. तिसरी सोडवली, तीही मुकी. ती पुन्हा जोडली. पाचवीला टोन मिळाला आणि त्यांची कळी खुलली. मग फाटा काढणं, मोडेमला जागा करणं, यात अर्धा तास कसा गेला, त्यांना कळलंही नाही.

जिन्यावर काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मान वळवून पाहतात तर वरच्या पायरीवर बसलेले म्हातारबाबा, एकेक पायरी बुडाखाली घालत खाली येत होते. चेहरा घामानं डबडबलेला.

"तेवीस लागत नाही," ते धापा टाकत म्हणाले. "काढलंत ना शेवटी?"

निवांतरावांनी कपाटात पाहिलं. दुसरी तार तशीच लोंबत होती. तार सैल झाली होती, असं सहज म्हणता आलं असतं. ते पुढे झाले, म्हाताऱ्यांच्या दंडाला आधार दिला आणि म्हणाले, "एक्स्चेंज जागच्या जागी आहे, बाबा. तुमची तार मी सोडवली आणि जोडायला विसरलो. चूक माझी."

"कितवी?"

"डावीकडून दुसरी."

"ती एकवीसच. बाहेरची पाचवी. विचारायला काय झालं होतं?"

"विचारायलाच हवं होतं."

तेवढ्यात सूनबाई परतल्या आणि दारातच पिशवी टाकून धावल्या. "बाबा! अहो, आलात कसे?"

"बसून," बाबा म्हणाले. "ओरडू नकोस. आलोच आहे तर बघू दे जरा."

त्यांनी वर जायला साफ नकार दिला. पाठीला उशी घेऊन, तळच्या पायरीवर बसून त्यांनी उरलेलं काम करवून घेतलं. "तार अशी ताणू नका, वळण मोठं ठेवा." "हा फाटा फोनची खरखर अडवतो ना?" निवांतराव सांगत होते आणि बाबा शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. मोडेमचा दिवा लुकलुकला, लुकलुकला आणि स्थिर झाला. सूनबाईंच्या मोबाईलवर शिवणाचा व्हिडिओ न अडखळता सुरू झाला.

मग दोघांनी मिळून बाबांना वर नेलं. दोघं खाली शिवणाच्या खोलीत येऊन उभी राहिली. फोन वाजला, तो निवांतरावांनी उचलला.

"ऐकू येतंय?"

"स्पष्ट."

"मग उद्या मला पुन्हा खाली उतरवायला सांगा तिला," बाबा म्हणाले. "या वेळी धरून."

ऑफिसात निवांतरावांनी कागद भरला : ब्रॉडबँड सुरू, एक्स्चेंज कायम. खाली लिहिलं : माझ्या चुकीनं वरच्या खोलीचा फोन अर्धा तास बंद होता, पुन्हा जोडला.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यांनी तक्रार केलीय?"

"नाही."

"मग लिहिलंत कशाला?"

"झालं ना तसं," निवांतराव म्हणाले आणि दुसऱ्या घराचा कागद उचलून निघाले.