वोवो

दर शनिवारी साओ पावलोतल्या माझ्या लेकीच्या घरासमोरचा रस्ता अडवून भाजीबाजार भरतो. पपया, भेंडी, हिरवी केळी, सगळं ओळखीचं. चार वर्षांची नात मीरा माझं बोट धरून चालली होती. मला तिथे जाऊन आठवडा झाला होता.

समोरून शेजारच्या सेलियाबाई आल्या. त्यांना पाहताच मीरा माझं बोट सोडवून "वोवो! वोवो!" करत धावली. त्यांनी तिला उचलून घेतलं.

"वोवो म्हणजे काय गं?" मी लेकीला विचारलं.

ती टोमॅटो निवडत राहिली. "आजी," ती म्हणाली.

"आणि मला काय म्हणते?"

"तुला अजून काहीच म्हणत नाही, आई."

बाळंतपणाला ये म्हणून लेकीने तीनदा फोन केला होता. मुलाचा संसार, सुनेची नोकरी, अशी कारणं मी सांगत राहिले. परदेशात सगळ्या सोयी असतात, असंही म्हणाले. त्या सोयी म्हणजे ही बाई होती. मीराची पहिली आंघोळ हिच्याच हातची. रक्ताचं नातं म्हणून मी इतकी वर्षं निर्धास्त होते. लहान मुलाला त्याचं काय? जवळ कोण होतं, तेवढंच त्याला ठाऊक.

सेलियाबाईंनी माझ्या गालाला गाल लावला, काहीतरी बोलल्या.

"त्या म्हणतायत, बरं झालं तुम्ही आलात. आता मीराला दोन आज्या," लेकीने सांगितलं.

त्यांनी मीराला माझ्याकडे देऊ केलं. मी हात पुढे केले. मीराने त्यांच्या मानेत तोंड लपवलं. मी हात खाली घेतले आणि उगाच भाजीची पिशवी उचलली.