मुक्याची सोयरीक

काका निवृत्त झाले तेव्हा कामावरच्या लोकांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते काकांनी महिनाभरातच खोलून पुन्हा जोडलं. मग दारावरची घंटा झाली, पंखा झाला, शेजाऱ्यांची इस्त्री झाली. काकू म्हणाल्या, "आता मी तेवढी राहिले. मला खोलू नका म्हणजे झालं."

सगळी गल्ली त्यांना वायरमनकाका म्हणे, पण नोकरीची शेवटची बरीच वर्षं काका खांबावर चढलेच नव्हते. त्यांचा एक जोडीदार होता, उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. एका सकाळी कमरेचा पट्टा तुटला आणि लंबू वरून पडला तो जागीच गेला. काका तेव्हा पुढच्याच खांबावर होते. लंबूच्या तोंडून साधी हाकही निघाली नाही. काका त्या दिवशी खाली उतरले ते उतरलेच. साहेबांनी त्यांना तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. वीज गेली की लोक तिथे येऊन तोंडसुख घेत आणि काका मान डोलावत बसत. कुणी विचारलंच तर गुडघ्यांचं कारण सांगत. गुडघे चांगले ठणठणीत होते. हे फक्त काकूंना ठाऊक होतं आणि त्यांनी कधी चारचौघांत तसं दाखवलं नाही.

वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी झाडांचा अभ्यास करायची. काका-काकू तिला आपसात 'वरची' म्हणत. तिच्या खोलीत वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेली पानं असत, खिडकीत बियांच्या बाटल्या असत आणि खुर्चीवर चिखलाचे मोजे. भाडं वेळेवर द्यायची, म्हणून काकू मोज्यांकडे काणाडोळा करत.

गावामागच्या डोंगरात एक जाड पानांचं झाड होतं. कितीही वारा सुटला तरी ते सळसळत नसे, म्हणून लोक त्याला मुका म्हणत. लाकूड चिवट असल्यामुळे पूर्वी त्याची बेसुमार तोड झाली. आता दरीच्या अलीकडे मोजकी झाडं उरली होती आणि पलीकडे कड्यावर एकच.

एका संध्याकाळी वरची खाली आली ती पाण्याचं भांडं आणि मूठभर बिया घेऊनच. तिने बिया पाण्यात टाकल्या. सगळ्या तरंगल्या.

"बघा काका. सगळ्या पोकळ. आत काही नाहीच."

"झाड म्हातारं झालं असेल," काका म्हणाले.

"झाड चांगलं धडधाकट आहे. त्याला जोडीदार नाही. मी सगळ्या झाडांची पानं तपासून घेतली. पाण्याच्या टाकीजवळचा मुका, रस्त्यावरचा, शाळेमागचा, सगळे एकाच आईची लेकरं निघाली. सख्खे भाऊबहीण. यांच्या आपसातल्या संकरातून बी धरतच नाही, धरलं तर रोप मरतुकडं निघतं. आणि उद्या एखादा रोग आला तर एकाला जो सोसत नाही तो कुणालाच सोसणार नाही. सगळे एकदम आडवे."

"मग बाहेरचं स्थळ बघायचं," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"स्थळ आहे ना काकू! कड्यावरचा मुका. तो कित्येक पिढ्या वेगळा पडलाय, रक्तच वेगळं म्हणा. पण मधे दरी आहे आणि यांच्या फुलांवर बसणारे भुंगेरे एवढ्या लांब उडत नाहीत. पराग आपणच न्यायला हवेत. आमचा झाडावर चढणारा माणूस मोटारसायकलवरून पडला, हात मोडून घरी बसलाय. आणि फुलं काही त्याच्यासाठी थांबणार नाहीत."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं.

तरी दुसऱ्या दिवशी ते तिच्याबरोबर टाकीपर्यंत गेले. नुसतं बघून येतो म्हणाले. झाड उंच होतं, पण फांद्या हाताला येतील अशा होत्या. काकांनी पट्टा बांधला, दोर टाकला आणि सवयीने चार हात वर गेलेही. मग त्यांनी खाली पाहिलं. खोडाला मिठी मारून ते तिथेच थिजले. वरची खालून काही बोलत होती, ते त्यांच्या कानांत शिरत नव्हतं. कसेबसे घसरत खाली आले तेव्हा कोपर सोलवटलं होतं.

"माझ्याच्याने नाही होणार, पोरी," ते म्हणाले. मग टाकीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी तिला लंबूची सगळी हकिगत सांगितली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती बाहेरच्या माणसाच्या कानावर गेली. तिने आग्रह केला नाही. दोर गुंडाळला आणि म्हणाली, "राहू द्या काका. यंदा नाही तर पुढच्या वर्षी बघू."

घरी काकूंनी कोपराला हळद लावली आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दोराचं दुसरं टोक कोण धरतं?"

"कोणीतरी खाली उभं राहतं. वरचा सुटला तर त्याने धरायचं. लंबूच्या वेळी असलं काही नव्हतंच. नुसता पट्टा."

"मग मी धरते."

"तू?"

"का? तुमच्यापेक्षा जड आहे मी. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कामी येईल. नको म्हणू नका."

काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला ते उगाच घड्याळाकडे गेले.

वरचीने काकूंना कमरपट्टा बांधला, दोर कडीतून कसा सोडायचा आणि कसा अडवायचा ते शिकवलं, आणि जमिनीजवळ काकांना लटकवून दोनदा करूनही घेतलं. काकूंनी दोर असा पकडला की काका जागेवरच अडकले. "अगं, सोड की थोडा!" "आधी नीट पाय ठेवा, मग सोडते." टाकीवरचा पहारेकरी बाहेर येऊन ही मजा बघत उभा राहिला. काका चढले. मधे एकदा थांबले, कपाळ खोडाला टेकवून. काकूंनी दोर जरासा ताणला, फक्त आहे म्हणून कळवायला. काका पुढे निघाले.

काम नाजूक होतं. उमलायच्या आधीची कळी हलकेच उघडायची, आतले तिचे स्वतःचे पराग चिमट्याने काढून टाकायचे आणि कळीला कापडी पिशवी बांधायची. मग दरीला वळसा घालून कड्यावर जायचं, तिथल्या मुक्याचे पराग डबीत घ्यायचे, परत येऊन पिशवी सोडायची, कुंचल्याने पराग लावायचे आणि पिशवी पुन्हा बांधायची. पहिल्या दिवशी काकांनी निम्म्या कळ्या मोडल्या. तारा ओढायची सवय झालेल्या हातांना फूल धरणं जमेना. वरची खालून एक तोडलेली कळी हातात धरून दाखवत राहिली, न चिडता. हळूहळू जमलं. कड्यावरचं झाड तर दरीवर ओणवं झालेलं. तिथे काकूंनी दोर खडकाला बांधून घेतला आणि काका वर असेपर्यंत चकार शब्द काढला नाही. खाली आल्यावर मात्र यथेच्छ झापलं, कारण काकांनी वरून एक हात सोडून दाखवला होता.

फुलं गळली, फळं धरली. आणि ती पिकायच्या आधी वादळ आलं. टाकीजवळच्या मुक्याची सर्वांत मोठी फांदी मोडून पडली. बहुतेक पिशव्या तिच्यावरच होत्या. वरची चिखलात बसून हिरवी, कच्ची फळं गोळा करत होती. त्यांचा काही उपयोग नव्हता, हे तिला काकांपेक्षा जास्त कळत होतं. काका तिच्याजवळ उकिडवे बसले. "वर अजून थोड्या आहेत," ते म्हणाले. "शेंड्याकडे. मी बघून आलो." वादळानंतर, ओल्या झाडावर, कुणालाही न सांगता? काकूंनी ते ऐकलं आणि दोन दिवस अबोला धरला.

उरलेली फळं पिकली तेव्हा स्वयंपाकघरात पुन्हा तेच भांडं आलं. वरचीने एक बी पाण्यावर सोडलं. ते बुडालं. दुसरंही बुडालं. एक तरंगलं, काकूंनी त्याला बोटाने दाबलं, ते हट्टाने वर आलं. पण बाकीची तळाशी जाऊन बसली, जड, तपकिरी, भरलेली. काकूंनी वरचीला जवळ घेतलं, आणि चिखलाच्या मोज्यांचा विषय त्या दिवसापासून संपला.

सगळीच रोपं जगली असं नाही. काही मुळं कुजून गेली, काही गोगलगाईंनी खाल्ली. पण जगली ती जोमाची होती. पुढची काही वर्षं काका दर हंगामात चढत राहिले. वरचीने आणखी लांबच्या डोंगरांतून पराग आणले, आणि काकूंचा दोरही चालूच होता. पुढे काकूंचे गुडघे खरोखरच दुखायला लागले, मग दोघांनी मिळून दोन नव्या लोकांना शिकवलं, एकाला वर चढायला, एकाला खाली उभं राहायला. दुसरं काम जास्त अवघड, असं काका त्यांना बजावत. लंबूचं नावही ते आता सहज घेत. तो कसा शीळ घालत खांब चढायचा ते सांगत.

उताराच्या जमिनीवर रोपं लावली तेव्हा गावातले एक पुढारी बघायला आले. कुठे पान रुंद, कुठे अरुंद. एखादं सरळ, एखादं कुबडं. कुणाची पालवी लालसर, कुणाची फिकट.

"हे काय," पुढारी म्हणाले, "एकासारखं एक नाही. जरा निवडून लावायची होतीत."

"निवडूनच लावलीत," काका म्हणाले, आणि पाण्याची झारी घेऊन पुढच्या खड्ड्याकडे गेले, कारण ऊन चढत होतं आणि काकू सावलीत त्यांची वाट पाहत होत्या.