शनिवारचा भूगोल

आमच्या शाळेत सरकारी सवलतीचं इंटरनेट आलं तेव्हा हेडसरांनी गेटवर हा मोठा फ्लेक्स लावला. फ्लेक्सच्या आधी मुलींच्या संडासाला कडी लावा, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. माझं तोंड असंच. पोरं मला मागून मिरची म्हणायची, ते मला ठाऊक होतं आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

शाळा अंबरनाथला, बुवापाड्याच्या बाजूला. मराठी माध्यमाची, म्हणजे दर जूनला पट मोजताना छातीत धडधड. जवळच इंग्रजी शाळा निघाल्या होत्या आणि आमच्याकडे येणारी पोरं कंपन्यांत पॅकिंगला जाणाऱ्या बायांची, बिगारी काम करणाऱ्यांची. इंटरनेट आहे म्हटल्यावर दोन पालक तरी थांबतील, असं हेडसरांना वाटायचं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

योजना शाळांना आणि वाचनालयांना होती. बिलातला मोठा वाटा सरकार भरणार, थोडा आम्ही. अट अशी की लाइन फक्त अभ्यासासाठी वापरायची आणि कोणी, कधी, कशासाठी वापरली हे नोंदवहीत लिहून दर महिन्याला वर पाठवायचं. वापर कमी दिसला तर सवलत बंद, भलता दिसला तरी बंद. हे ठरलं त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून संगणक कक्ष माझ्या गळ्यात पडला. तीन कॉम्प्युटर, एक पंखा आणि ती नोंदवही. प्रत्यक्षात कोणी फिरकायचं नाही. महिनाअखेर झाली की मी बसून रकाने भरायचे: गणित, विज्ञान, परिसर अभ्यास. सगळ्या शाळा असंच करत असणार, असं मी स्वतःला सांगत असे.

सहावीत एक मुलगी होती. बाप वारलेला, आई कुवेतला एका घरी कामाला. पोर काका-काकूंकडे राहायची. काकाचा स्मार्टफोन त्याच्याबरोबर कंपनीत जायचा, आणि घरी असला तरी काकू म्हणायची, नेट संपतं. आईचा फोन यायचा तो काकूच्या बटणाच्या मोबाईलवर, दोन मिनिटं, तेही काकूचं बोलून झाल्यावर. हे मला कसं कळलं? निबंधात. ‘माझी आई’ असा घासूनघासून गुळगुळीत झालेला विषय मी दिला होता. सगळ्यांनी आई पहाटे उठते वगैरे लिहिलं. हिने लिहिलं, माझी आई आता कशी दिसते मला माहीत नाही.

मी वही मिटली आणि वर्गावर उगाचच ओरडले. मला रडू आलं की मी ओरडते.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. आईला व्हिडिओ कॉल लावायला आधी माझा मोबाईल दिला, पण आमच्या त्या खालच्या मजल्यावर रेंज म्हणजे आनंदच. आईचं तोंड अर्धं उघडं राहून चित्र अडकलं ते अडकलंच. पोर त्या अडकलेल्या तोंडाकडे बघत बसली. मग मी संगणक कक्षाचं कुलूप काढलं. म्हटलं, गेली खड्ड्यात ती अट.

त्यानंतर दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की अर्धा तास. तिकडे तेव्हा सकाळ असायची आणि सुट्टीच्या दिवशी मालकीणबाई उशिरा उठायच्या. आई स्वयंपाकघरात उलट्या बादलीवर बसून हळू आवाजात बोलायची. तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प एकला जाऊन हेडफोन आणला. दुकानदार सिंधी काका, महा बोलका. “मॅडम, यही ले जाओ, आवाज एकदम साफ, वापस मत लाना बस,” म्हणाला. बेलवलीला माझ्या घरी येईपर्यंत मी तो पिशवीत चार वेळा चाचपून बघितला.

पोर काय काय दाखवायची! पडलेला दात कागदात बांधून आणलेला. चित्रकलेची वही. एकदा नुसतं गुडघ्यावरचं खरचटलेलं. आई म्हणायची, “मागं वळ, वेणी बघू दे.” ही कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. “ढिली घातली गं काकूनं. बाई, जरा घट्ट करता का?” मग मी वेणी सोडायची आणि आईने तिकडून सांगायचं: डावीकडची बट सुटली, भांग वाकडा झाला, अजून ओढा, ती रडत नाही. मी आयुष्यात कोणाचं एवढं निमूट ऐकलेलं नाही. हेडफोन पोरीच्या कानावरून काढून माझ्या कानाला लावायचा आणि दोन्ही हातांनी वेणी घालायची. ते अर्धे तास माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे होते.

नोंदवहीत काहीतरी लिहायला हवं होतं. मी लिहिलं, भूगोल. दर शनिवारी, तिचं नाव आणि पुढे भूगोल. मला त्याचं हसू यायचं. आखाती देश अभ्यासक्रमात असोत नसोत, आमचा चालला होता.

मग फेब्रुवारीत योजनेच्या ऑफिसातून पत्र आलं. दर शनिवारी शाळेच्या वेळेनंतर या जोडणीवर व्हिडिओ कॉल होत असल्याचे दिसून आले आहे, तरी सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा सवलत रद्द करून संबंधितांवर कारवाई करण्यात येईल. हेडसरांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि नोंदवही उघडली.

“भूगोल?” ते म्हणाले. “बाई, दर शनिवारी भूगोल?”

मी सगळं खरं सांगितलं. ते वाईट नव्हते हो. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, “तुम्ही चांगलंच केलंत. पण अक्षर तुमचं आहे. रिटायर व्हायला तुम्हाला दीड वर्ष. आता चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. आणि लाइन गेली तर जूनमध्ये गेटवर काय लावू?”

मी म्हटलं, मग लिहा, मी परवानगी दिली. असं म्हणाले खरी. पण आवाज माझाच मला लटका वाटला. ते चष्मा पुन्हा चढवत म्हणाले, “मुलीने तुम्हाला सांगितलं की भूगोलाचा प्रकल्प करते, आणि आत बसून परस्पर कॉल केले. असं लिहिलं तर? लहान मुलगी आहे, तिला कोण काय करणार? कागद फाईलला लागेल, विषय संपला.”

मी नाही म्हणाले नाही. वर्गात मिरची, स्टाफरूममध्ये मिरची, आणि तिथे त्या टेबलासमोर मेलीचं शेपूट आत. ‘लहान मुलगी आहे, तिला कोण काय करणार’ हे वाक्य मी मनात दोनचार वेळा घोळवलं आणि ते मला पटलं. पटवून घेतलं.

खुलाशाला मुलीचा माफीनामा आणि पालकाची सही जोडायची होती. दुसऱ्या दिवशी मी तिला संगणक कक्षातच बसवलं. कोरा कागद दिला. म्हटलं, “बाळा, एक कागद लिहायचाय. तो नुसता ऑफिससाठी आहे. मी सांगते तसं लिही.”

तिचं अक्षर फार सुंदर. मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी बाईंना भूगोलाचा प्रकल्प करत असल्याचे खोटे सांगून शाळेच्या इंटरनेटचा गैरवापर केला. तिथे ती थांबली.

“बाई, मी खोटं बोलले का?”

“नाही गं. पण लिहायचं. नाहीतर शाळेचं इंटरनेट जाईल.”

“तुम्हाला कोणी ओरडेल?”

मी हो म्हणाले. तिने मान हलवली आणि पुढे लिहिलं. असं पुन्हा करणार नाही. मला क्षमा असावी. खाली नाव. मग कागद माझ्या हातात देताना तिने विचारलं, “आईला नाही ना कळणार?”

“छे! आईला कसं कळेल?” मी म्हणाले.

सहीसाठी काका आला, कंपनीची शिफ्ट बुडवून, त्यामुळे आधीच भडकलेला. हेडसरांनी कागद वाचून दाखवला. “काय लफडी करते ही! आई तिकडे मरमर मरतेय आणि ही इथे चोऱ्या करते,” तो म्हणाला. ती भिंतीला टेकून उभी होती. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं: अहो, मीच बसवत होते तिला. एवढंच. काका सही करून तिला दंडाला धरून घेऊन गेला आणि मी तासाला गेले. त्या तासाला काय शिकवलं ते आठवत नाही.

खुलासा मान्य झाला. सवलत राहिली. फ्लेक्स राहिला.

शनिवारी मी तिला गाठलं. म्हटलं, माझ्या मोबाईलवर बोल, गच्चीवर जाऊ, तिथे रेंज येते.

“नको बाई,” ती म्हणाली. “कोणी विचारलं तर मग काय लिहायचं?”

टोमणा नव्हता तो. तिला खरंच काळजी वाटत होती, माझी. मी तिथेच जिन्यात खाली बसले. ती थोडा वेळ माझ्याजवळ उभी राहिली, मग दप्तर सावरून घरी गेली. पुढच्या शनिवारी मी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही. नंतर नंतर ती मला बघून लांबच्या जिन्याने जायला लागली. वेणी ढिलीच असायची. वर्गात हात वर करणं तिने बंद केलं. मी तिच्या काकाच्या घरी जाऊन खरं सांगून यायचं किती वेळा ठरवलं! एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन रिक्षा मागे फिरवली. खुलासा वर गेलेला होता आणि दीड वर्षाचं आता एकच वर्ष उरलं होतं. पोरीचं वर्षही तेवढंच मोठं असतं, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही.

मी निवृत्त झाले त्याच महिन्यात तिची आई सुट्टीवर आली. शाळेत मला भेटायला आली, पोरीला बरोबर घेऊन. आठवीत गेलेली पोर, आईच्या खांद्याला लागलेली. आईला मी पडद्यावर इतकी पाहिलेली, पण समोर आल्यावर ती केवढीशी दिसली. हात खरखरीत, साबणाने उकललेले. तिने पिशवीतून खजुराचा डबा आणि अत्तराची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“बाई, तुमची माफी मागायला आले,” ती म्हणाली. “तुम्ही देवमाणूस. आमच्यासाठी एवढं केलंत, पोरीच्या वेण्या घातल्यात. आणि हिनं तुम्हाला फसवलं. मला काय वाटायचं, बाईंनीच साहेबांना विचारून परवानगी काढलीय. दीरानं फोनवर सांगितलं तेव्हा कुठं कळलं की ही प्रकल्पाचं खोटं सांगून खोली उघडून घ्यायची, आणि तुम्ही मोठ्या मनानं आम्हाला बोलू द्यायचात. मला तिथं तोंड लपवावंसं वाटलं.”

मी पोरीकडे बघितलं. ती खाली बघत होती. दीड वर्षात तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. मी लिही म्हटलं होतं ते तिने पाळलं होतं, घरी, फोनवर, सगळीकडे.

“मी पण सोडली नाही हो,” आई म्हणाली. “सहा महिने हिच्याशी बोलले नाही. फोन करायचे, जावेशी बोलायचे, हिला द्या म्हणायचे नाही. ही बाजूला उभी असायची, मला ऐकू यायचं, श्वास ऐकू यायचा. पण नाही बोलले. म्हटलं, बाप नाही, मी जवळ नाही, आत्ताच वळण लावलं नाही तर हाताबाहेर जाईल. बरोबर केलं ना बाई?”

पोर अजून खाली बघत होती. तेव्हा बोलायला हवं होतं. पेन्शनचे कागद झाले होते, मला आता कोणाच्या बापाची भीती नव्हती. पण आता खरं सांगायचं म्हणजे या बाईला सांगायचं की तुझे ते सहा महिने फुकट गेले, तू विनाकारण पोरीचा श्वास ऐकत गप्प बसलीस. आणि त्याहून खरं म्हणजे, ती मला देवमाणूस म्हणत होती आणि ते मला सोडवेना. लाज वाटते लिहिताना, पण तसंच होतं.

“पाया पड बाईंच्या,” आई पोरीला म्हणाली. “माफी माग.”

पोर पुढे आली. वाकली. तिचे दोन्ही हात माझ्या पावलांना लागले, गार होते. “माफ करा बाई,” ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “असू दे गं. लहान होतीस.”