मिस्त्रींचा कान

"गप बसा. तिला बोलू द्या."

असं म्हणून मिस्त्री उकिडवे बसायचे, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीच्या इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून डोळे मिटायचे. गाडी केवढी, तर हातभर. रिमोटवर पळणारी. इंजिन लिंबाएवढं. पण ते खरं इंजिन, नायट्रो इंधनावर चालणारं, आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री उठून जायची. कोणी तिला खेळणं म्हटलं की मिस्त्री त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसत.

तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या हाताला यश आहे म्हणून लोक त्याच्यापुढे तोंड उघडत नाहीत. आमच्या देवळाली प्रवराच्या शिवारात विहिरींवर डिझेल इंजिनं होती तेव्हापासून मिस्त्रींचा शब्द शेवटचा. बांधावर उभं राहून दोन शेतं पलीकडचं इंजिन ऐकायचे आणि म्हणायचे, "त्याची रिंग गेली हाय. सांगा त्याला." आणि ती गेलेलीच असायची.

पन्नाशी उलटल्यावर कुणा पाहुण्याची बंद पडलेली नायट्रो गाडी त्यांनी उघडली, परत उभी केली आणि ह्या नादाला लागले. गावातल्या आम्हा चौघांनाही लावलं. रविवारी कांदा मार्केट बंद असतं, आवारात गुळगुळीत काँक्रीट मोकळं मिळतं. शेतातल्या पीव्हीसी पाइपाचे काप तापवून टायरवर चढवायचे, म्हणजे पकड सुटते आणि गाडी वळणावर आडवी घसरत जाते. ह्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. मिस्त्री 'आडवी घालणं' म्हणत. शेडच्या खांबांमधून ते ती अशी आडवी घालायचे की कांद्याची टरफलं उडून दोन्ही बाजूंना व्हायची. आम्ही वा वा करायचो. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

सगळं कसब एका स्क्रूत. आवळला की इंधन कमी जातं, इंजिन किंचाळतं, पळतं आणि तापतं. जास्त आवळला तर जळतं. सैल सोडला तर नुसता धूर. मधली जागा पाव आट्याची, आणि ती कानालाच सापडते.

काही वर्षांपूर्वी ते माझ्याकडून कानाचे थेंब नेऊ लागले. माझं औषधाचं दुकान, म्हणून ते मला डॉक्टर म्हणायचे आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. "मळ झालाय, डॉक्टर," म्हणत. दर महिन्याला कुणाच्या कानात मळ होत नाही, एवढं मला कळत होतं. नगरला जाऊन कान दाखवा, असं सांगायचं मी दर वेळी ठरवायचो. पण मिस्त्रींना, तेही कानाबद्दल? छे. थेंब देऊन मोकळा व्हायचो.

मग तो रविवार. वारा सुटला होता, धूर दिसायच्या आत उडून जात होता. मिस्त्रींनी स्वतःची गाडी सुरू केली, अकरा वर्षं जपलेली. ऐकलं, स्क्रू आवळला. इंजिन चढलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि आणखी आवळला. आता ते इतकं किंचाळत होतं की माझे दात आंबले. आम्हा चौघांनाही ऐकू येत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि चारही गाढवं सरळ चेहऱ्यानं उभी राहिली. मिस्त्रींना काय शिकवायचं? त्यांनी पुन्हा आमच्याकडे पाहिलं, पुन्हा आवळला आणि गाडी सोडली. तिसऱ्या वळणावर ती आडवी झाली, खाडकन आवाज आला आणि सगळं थांबलं. आतला दांडा तुटून इंजिन फोडून बाहेर आला होता. मिस्त्रींनी गाडी उचलली, उपरण्यात गुंडाळली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर दोन्ही हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "डॉक्टर, काल तुमाला ऐकू येत हुतं ना?"

मी मान डोलावली.

"चौघांला बी?"

"हो."

"माझा कान गेलाय. बारीक आवाज येतच न्हाई. दोन वर्सं झाली, मी तुमच्या तोंडाकडं बघून स्क्रू फिरवतो. तुमी डोळे बारीक केले की मी थांबायचो. काल कुनीच तोंड वाकडं केलं न्हाई."

मी म्हटलं, "मिस्त्री, तुमचा मान राखायचा म्हणून..."

"ठावं हाय. तुमी माझ्या वाईटावर न्हवता." ते वळले. "पर आता मी कुनाकडं बघू?"

त्यानंतर ते आवारात आले नाहीत. बोलवायला गेलो की चहा पाजत आणि पावसापाण्याचं बोलत. गेल्या थंडीत ते गेले. मला मात्र ती सकाळच आठवते. ते दुकानाची पायरी उतरून रस्त्याला लागले होते. मी काउंटरमागून धावत बाहेर आलो आणि हाक मारली. पुन्हा मारली, घसा फुटेस्तोवर. अख्खा रस्ता माझ्याकडे वळून बघायला लागला. मिस्त्री पाठमोरे, आपल्या चालीनं चालत राहिले.