चौक मोकळा ठेवा, वस्ताद येताहेत

वस्तादांनी उभा जन्म वाहतूक पोलिसांत काढला, आणि त्यातला बराचसा खरोखरच उभ्याने. पायांच्या शिरा फुगल्या, मानेची कातडी रापली, पण गडी चौकातून हलला नाही. भरती झालेली नवी पोरं शिकवायला त्यांच्याकडे धाडत, म्हणून नाव पडलं वस्ताद. पुढे बायकोसुद्धा चारचौघांत ‘आमचे वस्ताद’ म्हणू लागली. खरं नाव पेन्शनच्या कागदावर उरलं.

दंड करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. डॉक्टर असो, वकील असो, गाडी बाजूला घ्या. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी हेल्मेट नाही म्हणून पकडलं, भर रस्त्यात पावती फाडली, आणि संध्याकाळी त्याच्याच घरी पोटभर जेवून आले. मेहुण्याने पुढे बरेच दिवस अबोला धरला. तो वस्तादांच्या लक्षातही आला नाही.

या सगळ्यात एकच पळवाट होती. गाडीची काच खाली यायची, आतून शब्द यायचा ‘स्टाफ’, म्हणजे खात्यातलाच माणूस, आणि वस्ताद मान दुसरीकडे फिरवायचे. मग सिग्नल तोडलेला असो की गाडीत गुरं कोंबावीत तशी माणसं कोंबलेली असोत. हेच ते पोरांना शिकवत. “अरे, उन्हात चक्कर येऊन पडलास तर उचलायला कोण येणार? तो दंड भरणारा? आपलाच माणूस येणार. मग आपल्या माणसाला अडवायचं नाही.” पोरं मान डोलवत. बाकीचा धडा विसरली असतील, हा मात्र पक्का पाठ झाला.

वस्तादांच्या बायकोला, जिला ती सगळी पोरं वहिनी म्हणत, यात कधी काही वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोला? तिचा भाऊ स्कूटरवर अडकला की ती स्वतःच म्हणायची, स्टाफ सांगायचं ना, वेडाच आहेस. पोलिसाच्या घरात नांदायचं म्हणजे इतका तरी फायदा नको का, असा तिचा हिशोब होता.

निवृत्तीनंतर वस्तादांचे डोळे गेले. म्हणजे सगळे गेले नाहीत, मधले गेले. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. समोरच्या माणसाला खांदे असायचे आणि चेहरा नसायचा. वहिनीला हे कळलं कसं, तर त्यांनी एकदा कपाटाला टेकवलेल्या झाडूला विचारलं, “चहा झाला का गं?”

डोळ्यांचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले, गाडी बंद. घरी येऊन वस्तादांनी सांगितलं, “जपून चालवा म्हणाले.” वहिनीने किल्ली लपवली. त्यांच्याकडे दुसरी होती. लायसन्सची मुदत संपत आली तेव्हा तिला वाटलं, आता सुटलो बाई, आरटीओत डोळे तपासतील. वस्ताद तिथल्या खिडकीपाशी जाऊन ‘स्टाफ’ म्हणाले आणि नवं लायसन्स घेऊन आले. वर चिकटवलेला फोटो छान आला आहे का, हे त्यांनी तिलाच विचारलं.

बाजाराला ते तिला गाडीतून नेत. ती देवाचं नाव घेत बसे आणि ते खुशीत असत. “बघितलंस? ज्याला रस्ता कळतो त्याला रस्ता वाट देतो. एकदा तरी ब्रेक लावावा लागला का?” आणि खरंच लागला नव्हता. प्रत्येक चौक कसा लोण्यासारखा. आधी वहिनीला हे नशीब वाटलं. मग तिने आजूबाजूला बघायला सुरुवात केली.

हॉस्पिटलजवळच्या चौकात बारक्या उभा असायचा. वस्तादांच्या हाताखालचा शेवटचा पोरगा. आता सहा फूट उंच आणि मिशाळ, पण नाव बारक्याच. एका दुपारी वहिनी चालत त्याच्याकडे गेली आणि सरळ म्हणाली, “बारक्या, त्यांना थांबव. दंड कर, लायसन्स घे, काय वाटेल ते कर. माझं ते ऐकत नाहीत.”

बारक्याने शिट्टी तोंडातून काढली. “वहिनी, आम्हाला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“त्यांना दिसत नाही ते. पण वस्तादांना पावती करायची म्हणजे हात धजत नाही हो. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. ते निघाले की पहिल्या चौकातला पुढच्याला वायरलेसवर कळवतो. आम्ही चारही बाजू थांबवतो. ते गेले की सोडतो. त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही, तुम्ही निर्धास्त राहा.”

हे तो इतक्या मायेने बोलला की वहिनीला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. एका आंधळ्या पेन्शनराला कांदे आणायला जाता यावं म्हणून अख्खं शहर श्वास रोखून उभं राहत होतं, आणि यातल्या एकालाही त्याला गाडीतून उतरवणं जास्त सोपं वाटलं नव्हतं. “आणि एखादं पोर रस्त्यात आडवं आलं तर?” तिने विचारलं.

“आम्ही आहोत ना,” बारक्या म्हणाला.

तेवढ्यात घरी नवंच काहीतरी पुढ्यात आलं. नातीची शाळेची बस बंद झाली. लेक आणि जावई दोघंही पहाटे कामावर जाणारे. वस्ताद म्हणाले, मी सोडीन, सोमवारपासून.  लेकीला सांगावं तर ती बापाशी भांडणार, बाप हट्टाला पेटणार, आणि पोर शेवटी त्याच गाडीत बसणार. एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा तिला पुरता ठाऊक होता. ती एवढंच म्हणाली, “मी पण येते.”

सोमवारी नात मागे दप्तर मांडीवर घेऊन बसली, वहिनी पुढे. पहिला चौक मोकळा, दुसरा मोकळा. वस्ताद गुणगुणत होते. हॉस्पिटलच्या चौकात शिरताना डाव्या हाताला सायरन ऐकू आला.

वस्तादांचे कान मात्र शाबूत होते. आवाज जवळ होता, पण पुढे सरकत नव्हता. ॲम्ब्युलन्स अडकली आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. चौकाच्या बरोब्बर मध्यभागी गाडी उभी करून ते खाली उतरले आणि सवयीने हात वर केला. थांबवायला कोणी नव्हतंच. सगळे आधीच थांबलेले होते.

“ॲम्ब्युलन्स कोणी अडवली?” ते ओरडले.

बारक्या धावत आला. “वस्ताद, तुम्ही निघा आधी. मग तिला सोडतो.”

“आधी ती. अक्कल आहे का तुला? कोणासाठी अडवलंयस?”

 वस्तादांनी त्याच्या बाजूला तोंड केलं, थोडं तिरकं, जसं त्यांना हल्ली करावं लागे. “मंत्री आहे का कोणी? कोण आहे?”

“स्टाफ,” बारक्या म्हणाला.

 वस्तादांनी गाडीला हात लावून बघितला, जणू ती दुसऱ्या कोणाची तर नाही ना. मग त्यांनी किल्ली पुढे केली. बारक्याने गाडी कडेला घेतली, वहिनी खाली उतरली. ॲम्ब्युलन्स वहिनीच्या अगदी जवळून गेली. आत एक बाई सलाईनची बाटली उंच धरून बसली होती.

“कधीपासून चाललंय हे?” वस्तादांनी बायकोला विचारलं.

“बरेच दिवस झाले.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तुमचे डोळे गेलेत हे रोज सांगत होते. त्याने थांबलात का?”

 वस्ताद बारक्याकडे वळले. “दंडाचं मशीन काढ. नंबरप्लेटचा फोटो घे आणि दंड लाव. लायसन्स जमा करून घे.”

“वस्ताद, नका ना असं करायला लावू.”

“घे म्हणतो ना.”

बारक्याने फोटो काढला. शिकाऊ होता तेव्हापासूनची सवय, केलेलं काम वस्तादांना दाखवायचं. त्याने मशीन त्यांच्यासमोर धरलं. “आकडे नीट आलेत का, बघा.”

वस्तादांनी मशीन डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मान तिरकी केली. चौक पुन्हा वाहू लागला होता आणि हॉर्नचा गोंगाट सुरू झाला होता.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले.

एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून वहिनी किती दिवस झुरली होती. आता ते आलं आणि तिला रडू फुटलं. नेहमीसारखी थाप मारली असती तर बरं झालं असतं, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं. बारक्या खाली बघून मशीनची बटणं दाबत होता. नात दप्तर घेऊन गाडीतून उतरली आणि शाळेला उशीर होतोय म्हणाली. वहिनीने पदराने डोळे पुसले, एका हाताने नातीचा आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याचा हात धरला, आणि रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसांत जाऊन उभी राहिली.