जिताडा आणि केशरी फेटा

बडोद्याला समुद्र नाही, हे वाडीतल्या विजयमालाबाई घोरपड्यांना एकदा कुणीतरी समजावून सांगा! ऑगस्ट लागला की बाईंचा पाय घरात ठरत नाही. आमटीत मीठ दोनदा पडतं, दूध उतू जातं आणि बाई गच्चीत गळाच्या रिळाला तेल देत बसलेल्या. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म गेला, पण रविवार म्हटला की गावाबाहेरचे तलाव पालथे घालायच्या. निवृत्त झाल्यापासून तर थेट समुद्रच. यजमान बिचारे फक्त खाण्यापुरते हौशी.

त्यांचं गळवाल्यांचं एक मंडळ आहे. सगळी गायकवाडी पलटणीतली जुनी घराणी. आता कुणी रिफायनरीत, कुणी बँकेत. प्रमुख म्हणजे बाईंचे थोरले दीर उदयसिंहराव, सगळ्यांचे दादासाहेब. पावसाळ्यात माशांची वीण असते म्हणून सरकार समुद्रातली मासेमारी बंद ठेवतं. ती बंदी होड्यांना. काठावर गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाला कोण विचारतो? पण दादासाहेबांचा हुकूमच होता, "होड्या बंद, तर आपले गळही बंद!" बंदी उठली की पहिल्या रविवारी सगळे जीपगाड्या भरून महीच्या मुखाशी, खाडीकाठी हजर.

आणि तिथे फेटा! त्या दिवशी सगळ्यांत मोठा मासा ज्याच्या गळाला लागेल, त्याला गेल्या मोसमाच्या मानकऱ्याने स्वतःच्या हाताने केशरी फेटा बांधायचा. एकदा बांधला की मोसमभर त्याचा, परत मागायचा नाही. गेली कैक वर्षं तो दादासाहेबांच्याच डोक्यावर होता. बाईंनी नुसतं नाव काढलं की म्हणायचे, "विजयमाला, आधी अंबाडा आवरा, मग फेट्याचं बघू." बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. यंदा राखीच्या जेवणात त्यांनी भरल्या पंगतीत सांगून टाकलं, "या वेळी फेटा घेऊनच घरी येईन. नाहीतर सगळे गळ भंगारात!"

यंदा एक नवा नियमही होता, आणि तो बाईंनीच करायला लावलेला. दादासाहेबांची लेक शलाका कॉलेजात माशांचा अभ्यास करते. तिने सांगितलं होतं, "काकी, जिताडा आधी नर असतो. वाढत वाढत त्याची मादी होते. म्हणजे मोठा जिताडा ही अंड्यांनी भरलेली आईच समज." बाईंना ते इतकं लागलं की मंडळात उभ्या राहून म्हणाल्या, "मोठा मासा मारायचा नाही. जिवंत मोजायचा आणि सोडायचा." दादासाहेबांनी मान डोलावली, वर आपलं शेपूट जोडलं, "मोजणार मी, माझ्या फितीने. फोटो चालणार नाही. हात पुढे केला की फोटोत बोंबलाचाही देवमासा होतो."

झालं! रविवार उजाडला. भरती काठोकाठ. दादासाहेब फेटा मिरवत नेहमीसारखे लांबच्या टोकाला जाऊन बसले. बाई आणि शलाका अलीकडे. चहाचा घोट घ्यावा तोच बाईंच्या हातातली काठी अशी वाकली की कप एकीकडे, बाई दुसरीकडे!

"अगं बाई बाई बाई! शलाका, धर मला, धर!"

रीळ करकरलं, गळाचा तंगूस सणसणला, बाईंच्या दंडाला पेटके आले. ओढाताणीत किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि मग काठाशी पाणी फुटलं. रुपेरी, मांडीएवढा जाड जिताडा! बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पळ, बाबांना घेऊन ये! फीत आणायला सांग!"

शलाका पळाली. बाईंनी गळ हलकेच सोडवला, जिताडा जाळीच्या लांब पिशवीत घातला, पिशवी पाण्यात सोडून तिची सुतळी काठाच्या खुंटीला बांधली. तलावावर जन्मभर असंच केलं होतं. मग फिरवला फोन यजमानांना. "अहो, ऐकलं का! तुमचं लक्ष कुठंय? बसून घ्या आधी!"

कौतुक सांगता सांगता बाईंना भान राहिलं नाही. तलावाचं पाणी जागचं हलत नाही. या खाडीचं पाणी ओहोटी लागली की बघता बघता निघून जातं. मागून कोळंबी धरणारा एक जण ओरडला, "ओ बेन! पाणी तो गयुं!"

बाईंनी वळून पाहिलं आणि फोन हातातून गळालाच. काठाखाली नुसता काळा चिखल, आणि चिखलात पिशवी धडपडत होती. दादासाहेबांचा फेटा लांबवर नुसता ठिपक्याएवढा दिसत होता. ते येईपर्यंत मासा जगायचा नाही. आणि आत्ता सोडला तर मोजायचं काय, कपाळ?

"मेला तो फेटा!" बाई ओरडल्या आणि साडी खोचून चिखलात उतरल्या. गुडघाभर, मग मांडीभर. सुतळी तोडून, पिशवी कवटाळून, पडत, रांगत त्यांनी पाणी गाठलं. पिशवीच्या तोंडाची गाठ दातांनी सोडली. जिताडा क्षणभर तिथेच घुटमळला, शेपटीने बाईंच्या तोंडावर चिखल उडवला आणि गेला. बाई हसत सुटल्या. मग कळलं, पाय निघत नाहीत.

दादासाहेब मंडळींसकट धापा टाकत पोचले, हातात फीत. पहिला प्रश्न, "मोजला?"

"बाबा, काकी रुततेय!" शलाका किंचाळली.

तेव्हा दादासाहेबांना दिसलं. बाई कमरेपर्यंत आत गेलेल्या. माणसाचा भार पेलेल अशी दोरी कुणाकडेच नव्हती. दादासाहेबांनी फेटा उतरवला, फडकन उलगडला, एक टोक मंडळींच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी चिखलात पोटावर आडवे झाले. सरपटत गेले, आपल्या हाताने बाईंच्या कमरेला घट्ट गाठ मारली. "ओढा रे!"

काठावर सगळे चिखलाने माखून बसले. पुन्हा गळ टाकायचं कुणाला सुचलंच नाही. मोजलेल्यांत सगळ्यांत मोठा होता दादासाहेबांचा वीतभर शिंगाळा. नियमाने फेटा पुन्हा त्यांचाच. बाई कमरेची गाठ सोडायला लागल्या.

"खबरदार, हात लावाल तर!" दादासाहेब कडाडले.

"मोजला नाही ना, दादासाहेब. नियम म्हणजे नियम."

"मीही नियमच सांगतोय. मानकऱ्याने आपल्या हाताने बांधला की मोसमभर परत घ्यायचा नाही. मी बांधलाय. डोक्यालाच बांधायचा असं कुणी म्हटलं होतं?" आणि टक्कल पुसत पुटपुटले, "माझ्या शिंगाळ्यासाठी मी तरी कुठे उतरलो असतो चिखलात?"

बडोद्यापर्यंत दादासाहेब बोडक्याने आले. बाई दांडिया बाजाराच्या तोंडाशीच उतरल्या आणि मुद्दाम भर बाजारातून चालत गेल्या, कमरेला चिखलाने माखलेला केशरी फेटा. दारात यजमान ताम्हण घेऊन उभे होते. ओवाळता ओवाळता बाईंच्या रिकाम्या हातांकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "आणि मासा?"

"समुद्रात," बाई म्हणाल्या. "पोराबाळांसकट!"