धोतराचं फडकं

ही गोष्ट माझ्या घरी माहीत नाही, स्टँडवरच्या एकाही ड्रायव्हरला माहीत नाही. फक्त एका बाईला माहीत आहे — तिच्याकडे येतोच. तुम्हाला सांगतानाही आधी गाडीचं कौतुक करावंसं वाटतंय, म्हणजे बघा.

मी म्हसावदचा. अक्कलकुवा ते मोलगी जीप चालवतो. मागच्या उन्हाळ्यात घाटात रस्त्याचं काम निघालं होतं, धुळीत पुढची गाडी दिसेना. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून एअर फिल्टरच्या तोंडावर मी जुन्या धोतराचं फडकं बांधलं. हुशारी माझीच. आणि विसरलो — तोही मीच.

पावसाळ्यात गाडी चढाला धापा टाकू लागली. काळा धूर, डिझेलही जास्त पिऊ लागली. मग मोठ्या चढाला मी सगळ्यांना उतरवायचो. 'तुमना बोजा जड शे,' म्हणायचो. माणसं मुकाट्याने उतरायची, चढ चालून यायची, वर पुन्हा बसायची. डोंगरातल्या लोकांना गाडीतलं काय कळतंय — असं मला वाटायचं. वाटायचं, आता खोटं कशाला बोलू?

दिवाळीत गाडी धुताना बॉनेट उघडलं. फडक्यावर मातीचा थर, आतला फिल्टर काळाकुट्ट. इंजिनाला हवाच मिळत नव्हती. फडकं फेकलं, नवा फिल्टर बसवला. गाडी मोकळी झाली.

आणि तरीही — हेच सांगायचं होतं — तरीही मी लोकांना उतरवत राहिलो.

का? भरलेली गाडी एकाएकी चढली असती तर कुणीतरी विचारलं असतं, मग इतके दिवस काय झालं होतं? त्या एका प्रश्नाला भिऊन मी अख्खा हिवाळा धडधाकट गाडी रिकामी वर नेली.

सोमीमावशी दर बाजाराला यायची. गुडघा दुखरा. एकदा सगळे वर पोचले, ती येईना. मी खाली गेलो. रस्त्याकडेला गुडघा धरून बसली होती, शेजारी तांदूळ-मिठाची गोणी. मला बघून तीच ओशाळली.

'पुढला बाजारले बोजा कमी आणसू, भाऊ.'

तिने ओशाळावं? माझ्यापुढे? मला माझीच लाज वाटली.

'बोजा नही व्हता, मावशी. मन्हं फडकं व्हतं. दिवाईपासून मले माहीत शे.'

फडक्याचं, फिल्टरचं सगळं सांगितलं. गोणी मी उचलली, ती लंगडत पुढे चालत राहिली.

आता ही माझ्या गाडीत बसत नाही, असं मी धरून चाललो होतो. पुढच्या बाजारी ती आली — दोन गोण्या घेऊन. पुढच्या सीटवर बसली. चढ आला तसे मागचे सवयीने उठू लागले, तिने हातानेच त्यांना बसवलं. मी दुसरा गिअर टाकला. गाडी सगळ्यांना घेऊन चढली.

तेव्हापासून कुणी उतरत नाही. पण मावशी गाडीत बसण्याआधी बॉनेटकडे बोट दाखवते. मी बॉनेट उघडतो, फिल्टर काढून तिच्या हातात देतो. ती तो उन्हात धरून नीट बघते, आणि मग बसते.